डिसेंबरचा फेरा

माधवी हे माझं आडनाव.
पण ऐरोलीच्या सेक्टर चारमध्ये
एकोणीस वर्षं सगळे मला माधवीताई म्हणतात,
आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही.
पाटीवर 'माधवी इस्टेट' लिहिलं
की पुढचं लोक स्वतःच ठरवतात.

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला
की कॅलेंडरांची गुंडाळी काखेत मारून मी निघते.
तीनशे बारा घरं. एकही गाळायचं नाही,
गेल्या वर्षी दाराच्या फटीतून "नको" म्हणालेलंसुद्धा.
मागच्या पानावर नंबर :
टँकर, गॅस, रुग्णवाहिका,
आणि साप पकडणारा घणसोलीचा जयेंद्र.
माझा सगळ्यात खाली, बारीक.
घरात साप निघाला की लोकांना मी आठवते.

नव्या पोरांना हे पटत नाही.
परवा एकजण गाड्यांच्या वायपरखाली
चकचकीत कागद खोचत गेला :
तुमच्या घराला गिऱ्हाईक तयार आहे!
संध्याकाळी त्यावर मुलं भेळ खात होती.

माझ्याकडे वही आहे.
ए-सात : गुडघे. जिना अजून दोन वर्षं जमेल.
बी-तीस : भावाभावांत बोलणं बंद. थांबायचं.
सी-अकरा : मुलीची दहावी. मार्चपर्यंत बेल वाजवायची नाही.
कधी कधी रात्री वही मिटताना वाटतं,
हे लक्ष देणं की लक्ष ठेवणं?
मग जूनमध्ये सी-अकराची मुलगी पेढे घेऊन ऑफिसात येते,
आणि मी वही हळूच ड्रॉवरमध्ये सरकवते.

बाबांचं शेत होतं इथंच, खाडीच्या अंगाला.
बी-चौदाच्या ओट्याखालून कुठला बांध जायचा
ते बोटानं दाखवत.
पहिली दोन वर्षं कॅलेंडरं वाटून
एकही सौदा झाला नाही, तेव्हा म्हणाले,
"भात चार म्हयन्यान येतो गो.
तुजा पीक कवा?"
माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.
छापखान्याची उधारी होती.

बी-चौदाचे रणदिवे
जाळीच्या दारातून दोन बोटांनी कॅलेंडर घ्यायचे.
अठरा वर्षांत एक शब्द नाही.
वहीत त्यांच्यापुढे मी फक्त लिहिलं होतं : घेतात.

यंदा जाळी बाईंनी उघडली.
"सप्टेंबरात गेले," म्हणाल्या.
माझ्या वहीत हे नव्हतं.
"घर विकायचं नाहीये मला, आधीच सांगते."
मी म्हटलं, मी विचारलंच नाही.
"विचारलं नाहीत म्हणून सांगते. बसा."

कपाटामागून त्यांनी गठ्ठा ओढला.
अठरा कॅलेंडरं, सुतळीनं बांधलेली.
प्रत्येक चौकटीत मुंगीएवढं अक्षर :
दुधाचा खाडा. सिलिंडर लावला. नळाला गढूळ पाणी.
एका मे महिन्यात ओळीनं आठ दिवस
काहीच नाही, आणि नवव्या दिवशी : घरी आणलं.
कुणाला, ते मी विचारलं नाही.

"डिसेंबर निम्मा झाला की सारखे गॅलरीत जायचे," बाई म्हणाल्या,
"यमुनाबाई आल्या नाहीत अजून, म्हणायचे."

मी चहाचा कप खाली ठेवला.
कॅलेंडरच्या तळाशी, माझ्या नंबराच्याही खाली,
छापखान्याच्या नावाआधी एक ओळ असते,
मीच कधी वाचत नाही :
प्रो. यमुना दामोदर माधवी.

निघताना बाईंनी यंदाचं कॅलेंडर
जुन्याच खिळ्याला लावलं,
आणि आजच्या चौकटीत काहीतरी लिहिलं.
काय, ते मला दिसलं नाही. चष्मा पर्समध्ये होता.

ओट्यावर उभी राहून वही काढली.
बी-चौदासमोर पेन टेकवलं, उचललं.
सौदा नाही लिहावं, तर ते खोटं वाटलं.
"घेतात" खोडून "घेतात" असंच पुन्हा लिहिलं.

एकशे सहा घरं अजून उरलेली.
उन्हाला तिरपा कल आलेला.
मी बी-पंधराची बेल दाबली.
"कोण?" आतून आवाज.
"कॅलेंडर," मी म्हटलं.